मागच्या रांगेचे कॅडेट

परेड घेणाऱ्या सरनं माह्या हातात ब्लेड देलं आन् म्हणाले, "बैठ नीचे. जितना सिला है, सब खोल."

मी मैदानात खाली बसली. शंकर नगरातली मोठी शाळा, हवाई कॅडेटची परेड, आन् मी माह्या आईची शिलाई उसवून राहिली. पँटचे पायचे आईनं दुमडून शिवले होते. बारीक टाके. बाह्याही तशाच. समोर त्या शाळेचे पोट्टे-पोट्ट्या उभे. एक पोट्टी हसली. मले अजून तिचे दात आठवतात.

त्या खेपेले वर्दी आदल्या दिवशीच घरी देली होती, इस्त्री करून आणाले. आईले वाटलं, पोरीले वर्दी भेटली. तिनं ती माह्या मापाची केली आन् भनपुरीतल्या आमच्या अख्ख्या गल्लीले दाखवून आली. "माही पोरगी विमानात बसणार हाय," म्हणे.

वर्दी त्या मोठ्या शाळेच्या पेटीतली होती, परत करायची. त्याचं असं, की कॅडेटची तुकडी चालू ठेवायची तर तपासणीच्या दिवशी पोट्ट्यायची गिनती पूर्ण भरली पाहिजे. शंकर नगरच्या पोट्ट्यायले कोचिंग, क्रिकेट, वाढदिवस. इतवारी परेडले कोणी फिरकत नाही. मंग तपासणी आली की शाळेची बस भनपुरीले येई, आमच्या सरकारी शाळेतले पोट्टे-पोट्ट्या भरून नेई, वर्दी घालून मागच्या रांगेत उभं करी. काम झालं की वर्दी उतरवा, समोसा घ्या, चला घरी. कदमताल आमाले त्यायच्याहून चांगला येई. ट्रक उभे राहतात त्या मैदानात आम्ही रोज संध्याकाळी आपापसात करत होतो. कोणी सांगितलं नव्हतं. हौस होती.

विमानाची फेरी मात्र समोरच्या रांगेची. "अगली बार तुम लोगों का नंबर," सर म्हणत. दर वेळी म्हणत. मी दर वेळी खरं मानलं. मले उडायचं होतं. वरून भनपुरी कशी दिसते ते पाहायचं होतं. बाकी काही नाही.

मी उसवत होती तेव्हा सरनं आडनाव विचारलं. मी सांगितलं. "अच्छा," म्हणाले. मंग बाजूच्या सरले, मले चांगलं ऐकू येईल असं: "इन लोगों को कुछ दो, तो अपना ही समझ लेते हैं."

अंगाची आग आग झाली. तरी रांगेत गेली.

तपासणीचे मोठे साहेब आले. माह्या पँटचे पायचे बुटाखाली येऊन राहिले, दोरे लोंबत. साहेब नेमके माह्यासमोर थांबले. "कितनी बार उड़ी हो, बेटा?" उत्तर आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं. एक बार, सर. तोंडापर्यंत आलंच होतं. मंग खाली पाहिलं. आईचे टाके निघाले तिथं कापडाले बारीक भोकं पडली होती.

"एक बार भी नहीं, सर. मैं गिनती के लिए आई हूँ."

साहेब हसले. "स्मार्ट गर्ल," म्हणाले आन् पुढं गेले. तुकडी पास झाली. माह्या खरं बोलण्यानं कोणाचं काहीच बिघडलं नाही, हे मले जास्त लागलं.

घरी आईले सांगावंच लागलं. मंग ती कित्येक दिवस गल्लीत बसाले गेली नाही. बाबा रेल्वेत वॅगन दुरुस्तीच्या कामावर. ते म्हणाले, "जाऊ दे बापा. मोठ्या लोकायच्या नादी काहून लागतं?"

मी म्हटलं, "बाबा, त्यायनंच आपल्याले बोलावलं. आपल्याशिवाय त्यायची तुकडीच उभी राहत नाही."

मी बोलली, आन् बोलल्यावर मलेच समजलं मी काय बोलली.

पुढच्या तपासणीले बस आली. मी आधीच सगळ्यायच्या घरी फिरून आली होती. कोणी चढलं नाही. ड्रायव्हर भैयानं हॉर्न वाजवला, वाट पाहिली, शेवटी फोन लावला. मंग सर स्वतः आले. "बेटा," म्हणाले. सरच्या तोंडून पहिल्यांदा. "बेटा, एक घंटे की बात है. साहब आ गए हैं." लहान पोट्टे बसकडं पाहून राहिले होते. त्यायले समोसा आठवला असंल. मी त्यायले दोष देत नाही.

"पहले उड़ाइए, सर. फिर गिनिए."

"तुम्हारे बिना भी परेड होगी."

"हव," मी म्हटलं. "तो कर लीजिए."

बस रिकामी गेली.

मी अजून विमानात बसली नाही. ते लोक मले बसवणारही नाहीत, माहीत हाय. आता मी कॉलेजात हाय. दर इतवारी त्याच ट्रकच्या मैदानात भनपुरीच्या पोट्ट्यायची परेड घेते. वर्दी नाही. ज्याच्या अंगावर जे असंल ते. तपासणीच्या दिवशी बस अजूनही येते, दार उघडते. आम्ही तिच्यासमोर रांगेत उभे राहतो, सावधान, आन् चढत नाही.