गंजाखालचं नाव

चारठाण्यात विहीर खणताना एक जुनी तलवार निघाली होती. ती साफ करणारा म्हातारा लोहार मला एकदाच भेटला. चिंचेचा कोळ लावून तो पातं चिंधीनं घासत होता, मधेच टिचकी मारून कान लावत होता आणि खुदकन हसत होता. पातं उजळलं होतं, पण मुठीजवळ बोटभर गंज तसाच होता.

"बाबा, एवढंच राहिलं की," मी म्हणालो.

"राहिलं न्हाई, ठेवलंय. तिथं नाव कोरलेलं हाय. ते दिसलं की गावात लय भांडणं. आत्ता समदे आपलीच समजून बघायला येत्यात."

मला राहवेना. मी हळूच त्या गंजाला नख लावलं. त्यानं माझं मनगट धरलं.

"आडनाव काय तुमचं?"

मी सांगितलं.

"मग तर न्हाईच!" म्हणत त्यानं तलवार पटकन मांडीखाली सारली.