पाहुणे आणि तिसरी शिट्टी

गादीवाल्या बाईंच्या दुकानात नवं गिऱ्हाईक शिरलं की आधी दचकायचं आणि मग हसायचं. दचकायचं, कारण दाराशीच, पिसांच्या उशांच्या ढिगासमोर, एक भलामोठा तपकिरी कुत्रा उभा असायचा. पुढचा एक पाय उचललेला, शेपटी ताठ, नाक उशीवर रोखलेलं, अंगावरचा केससुद्धा हलत नाही. आणि हसायचं, कारण आतून बाईंचा खणखणीत आवाज यायचा, "पाहुणे, ती उशी आहे. उडणार नाही ती. या इकडे!"

मग तो पुतळा एक मोठा निःश्वास टाकायचा, उचललेला पाय खाली ठेवायचा आणि टाळ्या न मिळालेल्या नटासारखा मान खाली घालून विंगेत निघून जायचा. बाई नव्या गादीला चार टाके घालतात न घालतात, तोच स्वारी पुन्हा त्याच जागी, त्याच पवित्र्यात हजर. त्या उशीत कधीकाळी उडणारं काहीतरी होतं एवढं त्याचं नाक त्याला सांगायचं, आणि आपल्या नाकावरचा त्याचा विश्वास अढळ होता.

बाईंचं सगळं आयुष्य कापसात गेलं. गाद्या भरायच्या, उशा शिवायच्या, लोकांच्या खचलेल्या खुर्च्यांना नवं बूड द्यायचं. अंबाड्यात दाभण खोचलेलं, पदराला कापसाचे पुंजके चिकटलेले, आणि आवाज असा, की समोरच्या लॉन्ड्रीवाल्याला हाक मारली तर त्याच्यामागच्या गल्लीतली माणसंही "काय?" म्हणून वळून बघत. कुत्र्यांचं त्यांना मुळीच कौतुक नव्हतं. "या घरात कापूस राहील नाहीतर कुत्रा राहील," असं त्या ठणकावून सांगत.

पण भावापुढे कुणाचं ठणकावणं चालतं? त्यांचा थोरला भाऊ, दादा, गावाबाहेर तलावाकाठी राहायचा. पक्का शिकारी. बोलणं असं, की पलीकडच्या काठाला ऐकू जावं. बदकांच्या मागे जाताना एकदा चिखलात घसरला आणि पाय मोडून बसला. दुसऱ्याच दिवशी गाडी दुकानापुढे उभी. आतून प्लॅस्टरमधला पाय आधी बाहेर आला, मागून दादा, आणि त्याच्याही मागून हा कुत्रा.

"दोन महिन्यांचा प्रश्न आहे," दादा म्हणाला. "पाय जोडला की नेतो. नाव तीर. हुशार आहे. लाडावून ठेवू नका."

"दोन महिन्यांच्यावर एक दिवस ठेवणार नाही," बाई म्हणाल्या. आणि आलेला पाहुणा जाणारच, म्हणून त्याचं नावही कुणी लक्षात ठेवलं नाही. पाहुणे ते पाहुणेच राहिले. वर्ष उलटून गेलं तरी.

या पाहुण्यांच्या तऱ्हा काय सांगाव्यात! तलावाच्या गार पाण्यात बेधडक उडी घेणारा हा वीर, पण न्हाणीघरात बादली भरताना ऐकली की कापडाच्या गुंडाळ्यांमागे लपायचा. डोकं आत, शेपटी बाहेर. आपल्याला जग दिसत नाही म्हणजे जगालाही आपण दिसत नाही, असा त्याचा हिशेब. नखं कापायची कात्री दिसली की मग तर शेवटच्या अंकातला प्रवेशच सुरू व्हायचा. आधी डगमगणं, मग एका अंगावर कोसळणं, मग डोळे मिटून अखेरचा श्वास. बाई शांतपणे त्या मृत नायकाची चारही पायांची नखं कापून घ्यायच्या. "उठा आता, प्रयोग संपला," म्हटलं की नायक टुणकन उठून बिस्किट मागायचा.

लांब लोंबत्या कानांची काळजी मात्र बाईंनी स्वतःहून शिकून घेतली. अशा कानांत वारा शिरत नाही, दमट राहतं, मग खाज सुटते. म्हणून दर आठवड्याला एक कान उलटा करून त्या मऊ कापसाने पुसायच्या. "आमच्याकडे कापसाला काय तोटा," असं म्हणत. बोटांच्या बेचक्यांत अडकलेले दोरे काढायच्या, गळ्याखाली गोचीड बघायच्या. पाहुणे त्या वेळी तोंड असं करायचे, जणू उपकार तेच करताहेत.

रोज दुपारी पाहुणे रस्ता ओलांडून लॉन्ड्रीत जायचे आणि कुणाचा तरी एक मोजा घेऊन यायचे. अंड्यासारखा हळुवार धरलेला. दाताचा एक व्रण नाही.

"बाई," लॉन्ड्रीवाला पलीकडून ओरडायचा, "निदान जोडी तरी न्यायला शिकवा!"

"तुम्हीच जोडीने ठेवत जा की!"

पण या घरातली पाहुण्यांची खरी भूमिका वेगळीच होती, आणि ती त्यांनी आपली आपण मिळवली होती.

बाईंचे यजमान म्हणजे निवृत्त कंपोझिटर. छापखान्यातल्या यंत्रांच्या धडधडीत त्यांचे कान गेलेले. समोर बसून मोठ्याने बोललं तर समजायचं, पाठमोरे असले की तोफ उडाली तरी पत्ता नाही. कानात घालायचं यंत्र आणून दिलं होतं. ते खणात पडून होतं. "त्यात सगळं जग तळल्यासारखं ऐकू येतं," ही त्यांची तक्रार. बाई दुकानात अडकलेल्या, म्हणून स्वयंपाकघर यजमानांकडे. कुकर लावायचा, पेपर उघडायचा, आणि कुकर शिट्ट्या मारमारून दमला तरी हे अग्रलेखातच. भाताची पेज होऊन कोळसा व्हायचा. बाई दाभण टाकून धावत यायच्या, गॅस बंद करायच्या, आणि मग दोघंही मुकाट्याने ब्रेड खायचे. बाईंच्या बोलण्यापेक्षा त्यांचं न बोलणंच यजमानांना जास्त लागायचं. "एवढंसं काम, तेही जमत नाही मला," असं ते एकदा कुकर घासताना पुटपुटले होते.

पाहुणे आले त्या दिवशी कुकरची पहिली शिट्टी झाली, आणि स्वयंपाकघरातून चाललेला हा एवढा मोठा कुत्रा जागच्या जागी मटकन बसला. "घाबरला बिचारा," बाई म्हणाल्या. दुसरी शिट्टी झाली, तो बसूनच. तिसरीला बाई आत आल्या, गॅस बंद केला. यजमानांनी घाबरलेल्या पाहुण्याला कुरवाळून बिस्किट दिलं. रोज हेच झालं. काही दिवसांत पाहुण्यांनी नाटक पाठ केलं. पहिल्या शिट्टीला बसायचं, दुसरीला बसून राहायचं, आणि तिसरी झाली की उठून, यजमान असतील तिथे जाऊन, त्यांच्या गुडघ्यात ओलं नाक खुपसायचं. यजमान उठायचे, पेपरवरची नजर न काढता गॅसची चावी फिरवायचे, खिशातलं बिस्किट द्यायचे. "शाबास. झाला भात."

तेव्हापासून त्या घरात भात करपला नाही. यजमान शीळ घालत स्वयंपाक करू लागले. आपली शीळ त्यांना स्वतःला ऐकू येत नसे, म्हणून ती भयंकर बेसूर असे. पण बाईंना त्या शिळेइतकं गोड काही वाटत नसे.

आणि अशात दादाचा फोन आला.

"पाय ठणठणीत आहे!" दादा गरजला. फोन हातभर लांब धरूनही ऐकू येत होतं. "रविवारी येतो. त्याला तलावावर नेऊ, किती बिघडवलाय तुम्ही ते बघू, आणि तिथूनच घरी नेतो."

"बरं," बाई म्हणाल्या. फोन ठेवला. मग चांगली शिवून तयार असलेली एक गादी त्यांनी उसवली आणि पुन्हा शिवायला घेतली.

लॉन्ड्रीवाला मोजा मागायला आला होता, त्याच्या ते लक्षात आलं. "सांगा की, पळून गेला म्हणून."

"सख्ख्या भावाशी खोटं बोलू?"

"मग खरं सांगा. नको नेऊस म्हणावं."

"ते त्याहून अवघड आहे हो. वर्षभर वाट बघत पडून होता तो. त्याचाच कुत्रा आहे."

यजमानांना त्यांनी समोर बसून सांगितलं. ते "हो, त्यांचाच आहे," एवढंच म्हणाले. पण शनिवारी बाई आत डोकावल्या, तर पाहुण्यांना अंगणात बांधलेलं, आणि यजमान कुकरसमोर स्टूल घेऊन बसलेले. पेपर नाही, काही नाही. शिट्टीतून वाफ कधी उडते ते डोळे फाडून बघत होते. सराव चालला होता. बाई पाऊल न वाजवता मागे फिरल्या. पाऊल वाजलं असतं तरी यजमानांना ऐकू येणार नव्हतं, हे दुकानात आल्यावर बाईंच्या लक्षात आलं, आणि मग त्यांना दाभणात सुतळी ओवता येईना.

तरी कर्तव्यात कसूर नाही. पाहुण्यांची आंघोळ झाली, कान पुसून झाले, नखांचा शेवटचा अंक झाला. कुत्र्याला पाण्यातून आणायला लावायचं दादाचं सरावाचं कापडी बदक फाटलं होतं, म्हणून बाईंनी नवं शिवून दिलं. गरजेपेक्षा फारच देखणं, चोचीसकट.

रविवारी सगळे तलावावर पोचले. यजमानांनी घडीची खुर्ची मांडली, पेपर उघडला आणि ते त्यात बुडाले. दादा गाडीतून उतरला. उतरताना त्याने दार घट्ट धरलं होतं, ते बाईंनी पाहिलं.

"आता बघ!" दादाने बदक लांब पाण्यात भिरकावलं. पाहुणे सुटले. बाणासारखे. आज प्रथमच बाईंना त्यांचं खरं नाव, तीर, आठवलं आणि पटलं. दादाने गळ्यातली शिट्टी तोंडाला लावली आणि एक लांब शिट्टी फुंकली. उथळ पाण्यात कुत्रा मटकन बसला आणि वळून बघू लागला.

"बघितलंस? लांब शिट्टी म्हणजे असशील तिथे बस. वर्षभरात विसरला नाही पठ्ठ्या!"

बाईंचा ऊर अभिमानाने भरून आला. दादाने हाताने डावीकडे खूण केली, कुत्रा डावीकडे गेला. दुसरी लांब शिट्टी. पुन्हा बसला. दादाने उजवीकडे खूण केली आणि थोड्या वेळाने तिसरी शिट्टी फुंकली.

कुत्रा उठला. पाण्यातून बाहेर आला. दादासमोरून निघून गेला, बाईंसमोरून निघून गेला, थेट खुर्चीपाशी जाऊन त्याने यजमानांच्या गुडघ्यात नाक खुपसलं.

यजमान उठले. पेपरवरची नजर न काढता त्यांनी उजवा हात पुढे केला, त्या मोकळ्या माळावर, हवेतच, गॅसची चावी फिरवली, खिशातून बिस्किट काढून दिलं. "शाबास. झाला भात." आणि खाली बसले.

बाई आधी तोंडावर पदर धरून हसल्या, मग पदर सोडून हसल्या, आणि मग गवतात बसूनच हसल्या. दादाच्या तोंडातून शिट्टी गळून पडली. यजमानांनी वर पाहिलं. "काय झालं?"

"हा काय प्रकार आहे?" दादा गरजला. बाईंनी डोळे पुसत सगळं सांगितलं. करपलेले कुकर, बिस्किट, सगळं. दादाचा विश्वास बसेना. त्याने पुन्हा तीन शिट्ट्या मारून पाहिल्या. पुन्हा नाक, पुन्हा गुडघा. या खेपेला यजमानांचा हात हवेत अर्ध्यावर थांबला आणि ते ओशाळून हसले.

"म्हणजे भावोजींना कुकर ऐकूच येत नाही," दादा हळू म्हणाला. त्याच्या मानाने हळू.

"नाही."

"मग मला आधी का नाही बोललीस?"

"काय बोलू? तुझा कुत्रा माझ्या नवऱ्याचा कान झालाय म्हणून? आणि तू शिट्टीवर शिकवलंयस हे मला काय ठाऊक! आमच्या घरात शिट्टी एकच, कुकरची."

बदक पाण्यावर डुलत होतं. दादा ते आणायला उतारावरून निघाला. चार पावलं गेला असेल, आणि पाय लचकून मटकन दगडावर बसला. कुणी शिट्टी मारली नव्हती, कुणी खूण केली नव्हती. पाहुण्यांनी स्वतःच पाण्यात झेप घेतली, बदक उचललं आणि आणून दादाच्या मांडीवर ठेवलं. दादाने ते उलटंसुलटं केलं. "एक टाका उसवला नाही."

"शिवलंय कुणी!" बाई म्हणाल्या. मग जवळ बसल्या. "ठणठणीत आहे म्हणालास ना पाय?"

दादाने पायाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. "जिना उतरताना कठडा धरतो गं. वाटलं, हा घरी आला की पायही येईल ताळ्यावर."

"अरे, मग सांगायचंस की."

"तू सांगितलंस?"

बाईंनी बदकाची ओली चोच पदराने पुसली.

दादा उठला, कपडे झटकले आणि भरल्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "कामावर लागलेल्याला मी नेत नाही! भावोजी, ठेवा तुमचा मदतनीस!" हे यजमानांनाही ऐकू गेलं. खिशातली उरलेली सगळी बिस्किटं त्यांनी पाहुण्यांपुढे रिकामी केली.

आता दादा दर रविवारी दुकानात येतो. कुत्र्याचं शिक्षण बिघडू नये, हे कारण. प्रत्यक्षात तो गाद्यांच्या चळतीला पाठ टेकून बदकांच्या गोष्टी सांगतो. बदक दर खेपेला थोडं मोठं होतं. आतून तिसरी शिट्टी ऐकू आली की गोष्ट अर्ध्यावर सोडून तो पाहुण्यांच्या आधी आत पोचतो, आणि त्या वेळी पायाची काही तक्रार नसते.

परवा बाई हिशोबातून मान वर करतात, तर दाराशी पाहुणे नेहमीच्या पवित्र्यात, पाय उचलून. शेजारी दादा, काठीवर रेलून, डोळे बारीक करून, श्वास रोखून.

"हलू नकोस," तो कुत्र्याच्या कानात कुजबुजत होता. त्याची कुजबूज लॉन्ड्रीपर्यंत ऐकू गेली.

"दादा," बाई म्हणाल्या, "ती उशी आहे. ये आत, भात झालाय."