गुळाची निर्दोष सुटका

आमच्या बाई समोर आल्या की माणसाचं तोंड आपोआप उघडायचं. नमस्कार नंतर. त्यांचा पहिला शब्द ठरलेला: "आ कर!" एकदा झेंडावंदनाला आलेल्या सरपंचांनाही त्या सवयीनं "आ करा" म्हणून गेल्या, आणि सरपंचांनी तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा विसरून खरोखर आ केला. तेव्हापासून गावानं त्यांचं नाव 'आ-कर बाई' ठेवलं. बाईंच्या कानावर ते गेलंच. म्हणाल्या, "ठेवू द्या. नाव घेतलं की पोट्ट्याईले गोळी तरी आठोते."

बाई आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिका. फुलसावंगीहून स्कूटीवर यायच्या. बुटक्या, अंगानं भरलेल्या, आणि आवाज असा की त्यांनी "सावधान" म्हटलं की रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावरचे लोकही सरळ बसायचे. वर्षातून दोनदा, ऑगस्टमध्ये आणि फेब्रुवारीत, शाळेत जंताच्या गोळीचा दिवस असायचा. त्या दिवशी बाई सण असल्यासारखी ठेवणीतली साडी नेसून यायच्या आणि पहिली गोळी स्वतः सगळ्यांसमोर कराकरा चावून खायच्या. "पाह्यलं? मी मेली तं तुमी खाऊ नका. नाई मेली तं गुमान रांगेत या!"

आम्ही तरी कुठे कमी होतो! कुणी गोळी गालात दाबायचं, कुणी जिभेखाली, आणि मग पाणी प्यायच्या निमित्तानं हापशीमागे थू करून यायचं. म्हणून ते "आ कर". नुसता आ नाही, जीभ वर, जीभ डावीकडे, जीभ उजवीकडे. एकदा वर्गातल्या एका शहाण्यानं सांगितलं, "बाई, माह्या पोटात जंतच नाई." बाई म्हणाल्या, "काहून, आत जाऊन पाहून आला का तू? सगळ्याईनं खायची. एकानं खाल्ली अन् बाकीच्याईनं थुकली, तं बाकीच्याईचे जंत फिरून त्याच्याच पोटात येतीन. जंत काई घर पाहून येत नाई." शेजाऱ्याच्या पोटाशी आपल्या पोटाचा संबंध असतो, हे मला नर्सिंगच्या पुस्तकांनी फार उशिरा सांगितलं. बाईंनी ते हापशीपाशी सांगून टाकलं होतं.

आता माझं सांगते. मी चौथीत होते. हातपाय काड्या, पोट तेवढं नगारा. डोळे पांढरे, अंगात त्राण नाही. भिंतीची माती उकरून खायची आणि दुपारची खिचडी झाली की वर्गात भिंतीला टेकून झोपायची. आईच्या मते याचं कारण एकच: गूळ. गोड खाल्लं की जंत होतात, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. त्यामुळे गुळाचा डबा उंच फळीवर, आणि माझं पोट दुखलं की आधी पाठीत धपाटा. "खाल्ला नं पुन्हा गूळ, भवाने!" मी खात होते, नाही असं नाही. पण न खाल्लेल्या दिवशीही धपाटा तोच!

बाबांचं तर ठरूनच गेलं होतं. पाचवीला फुलसावंगीला जावं लागायचं. ते म्हणत, "हिच्यानं शाळा होत नाई. नुसती झोपते. चौथी झाली की शेळ्या राखू दे." मला शाळा आवडायची हो! झोपेतही आवडायची. पण हे कुणाला सांगणार? सांगायलाही अंगात जोर लागतो.

त्या वर्षी ऑगस्टचा गोळीचा दिवस नेमका श्रावण सोमवारी आला. आम्हा निम्म्या पोरींचा उपास. घराघरांतून बजावून पाठवलं होतं, उपासाला गोळी चालत नाही. रांगेतली पहिली पोरगी म्हणाली, "बाई, आज उपास हाय." दुसरी म्हणाली, "माह्याही." बाईंनी कमरेवर हात ठेवले. "उपास तुमचा हाय वं बाया हो, जंताचा नाई! तो तं आत जेवूनच राह्यला!" सगळी शाळा हसली. पण बाई नुसत्या बोलून थांबणाऱ्या नव्हत्या. उपाशीपोटी गोळी द्यायची नाही म्हणून त्यांनी केळी मागवली, खिचडीवाल्या मावशीला साबुदाण्याची उसळ करायला लावली, आम्हाला पोटभर खाऊ घातलं आणि मग म्हणाल्या, "आ कर."

सगळ्यांना गोळी पचली. मला नाही. तासाभरात पोटात कळा यायला लागल्या आणि मी भडाभडा ओकले, तेही बाईंच्या ठेवणीतल्या साडीवर. झालं! गावभर पसरलं की गोळीनं पोरगी गेली. बाबा वावरातून धावत आले. मागून आई, तिच्यामागे अर्धं गाव. आई फाटकातूनच ओरडत होती, "काय चारलं वं माह्या पोरीले? उपासाच्या दिवशी पाप केलं तुमी! मेली तं कोण देईन मले पोरगी?"

बाई जागच्या हलल्या नाहीत. मला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. साडी तशीच भरलेली. म्हणाल्या, "माय, बोल मले काय बोलाचं ते, पण आधी हिच्या डोक्याखाली हात दे. पोटात जंत जास्त असले की गोळीनं असं होते कधीकधी. नर्सबाईले फोन केला मी, येऊनच राह्यल्या." नर्सबाई आल्या, मला तपासलं, मिठासाखरेचं पाणी पाजलं. संध्याकाळी मी उठून भाकर मागितली. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळीनं आपलं काम केलेलं आईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्याचं वर्णन करत नाही, तुम्ही जेवून बसला असाल.

शाळा सुटल्यावर बाई आमच्या घरी हजर. आईला वाटलं, आता कालच्या बोलण्याचा हिशेब होणार. पण बाईंनी विचारलं, "गुळाचा डबा कुठं हाय?" आईनं घाबरत काढून दिला. बाईंनी चांगला सुपारीएवढा खडा माझ्या हातावर ठेवला. "खा. गुळाचा काई गुन्हा नाई. जंत मातीतून येते. उघड्या पायातून, न धुतल्या हातातून येते. कायले मारतं वं लेकराले?" आईनं त्यांच्यापुढेही डबा धरला तर म्हणाल्या, "मले शुगर हाय बाप्पा. तिच्यावर मी खटला चालवून राह्यली." मग त्यांची नजर अंगणातल्या सरकारी संडासावर गेली. त्यात आम्ही चुलीसाठी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या भरून ठेवल्या होत्या. "भाऊ," त्या बाबांना म्हणाल्या, "संडासात पऱ्हाट्या अन् पोरगी वावरात? हे उलटं करा."

जाताना दारात थांबल्या. "अन् शेळ्याईचं ऐकलं मी. फेब्रुवारीत दुसरी गोळी हाय. तोवर हिले चप्पल घाला, लोहाच्या गोळ्या चुकवू नका. मंग उन्हाळ्यात ही झोपलेली दिसली तं मीच शेळ्या आणून देईन." बाबा मान खाली घालून हूं म्हणाले.

पऱ्हाट्या बाहेर निघाल्या. मला चप्पल आली. मी काही एका रात्रीत बदलले नाही. पण तूर सोंगायला येईस्तोवर माती खाणं सुटलं होतं, आणि दुपारनंतरही वर्गात शिकवतात हे मला पहिल्यांदाच कळलं! मी एकटीच नाही, आमची भिंतीला टेकणारी सगळी रांगच जागी झाली. बाई कपाळाला हात लावायच्या, "आधी बरे झोपत होते मेले, आता घडीभर बसत नाई!" आणि खुशीत हसायच्या. उन्हाळ्यात बाबा कुणाला न सांगता फुलसावंगीला गेले आणि माझं नाव पाचवीत घालून आले.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा मी यवतमाळला नर्सिंग शिकत होते. निरोपाला मुद्दाम गावी आले. शाळेच्या पटांगणात मांडव, जुनी पोरं, शाल, नारळ, पेढे. पेढ्यांना बाई हात लावत नव्हत्या. शेवटी आई उठली. चारचौघांत कधी उभी न राहिलेली माझी आई पदर सावरत थेट मंचावर चढली आणि बाईंसमोर उभी राहून म्हणाली, "बाई, आ करा."

मांडव हसून कोसळला. बाईंनी मुकाट्यानं आ केला. आईनं पदराची गाठ सोडली. आत गूळ होता, तुरीच्या दाण्याएवढा. तो तिनं बाईंच्या जिभेवर ठेवला. "शुगर हाय, माहीत हाय मले. एवढाच आणला." मग म्हणाली, "आता पुन्हा आ करा. जीभ वर."

बाईंनी जीभ वर केली. आईनं वाकून नीट पाहिलं, "गिळला" म्हणाली, आणि बाईंच्या गळ्यात पडून रडायला लागली.