अंतरपाटाची दोन टोकं

वैशाखातल्या सकाळी अहमदपूरच्या मंगल कार्यालयात शिरलं की आधी तुपातल्या बुंदीचा वास येतो, मग मोगऱ्याचा, आणि त्यामागोमाग खळ घातलेल्या कोऱ्या फेट्यांचा. आणि या तिन्ही वासांच्या मधोमध, हातात माईक घेऊन, मी उभा असतो. लग्नात पाहुण्यांची नावं पुकारणं हा माझा हौसेचा उद्योग. आमच्याकडे अक्षता पडण्याआधी मानाच्या पाहुण्यांना फेटे बांधतात, आणि कुणाचा फेटा कुणाच्या आधी बांधला गेला, हे नवरीचं नाव विसरलेली माणसंसुद्धा जन्मभर विसरत नाहीत.

त्या दिवशी नवरदेव होता माझ्या मित्राचा मुलगा विश्वनाथ. फौजेतला जवान. दोन शेजारी देशांमधलं भांडण कित्येक दिवस चढत चाललं होतं. आधी नुसती वक्तव्यं झाली. मग वेशीवरची फाटकं बंद झाली, मग आभाळातल्या वाटा अडवल्या गेल्या. एकानं एक पाऊल टाकलं की दुसरा दीड टाकायचा, आणि कालपर्यंत गप्प बसलेले आजूबाजूचे देश एकेक करून कुणाच्या ना कुणाच्या पाठीशी जाऊन उभे राहत होते. आदल्या संध्याकाळी विमानांनी सीमा ओलांडली. सकाळी अंगाला हळद असतानाच विश्वनाथचा फोन वाजला: रजा रद्द. नांदेडहून संध्याकाळची गाडी धरायची. अक्षता मुहूर्तावर पडल्या तर ठीक, नाहीतर पोरगा तसाच लढाईवर जाणार आणि नवरी मंडपात उभीच राहणार.

आणि नेमका तेव्हाच फेटा आडवा आला. नवरीचे चुलते, जळकोटचे मन्मथअप्पा, यांना लालभडक फेटा आधी बांधला गेला. नवऱ्याचे सख्खे मामा, उमरीचे बसवंतमामा, यांना नंतर, आणि तोही फिका गुलाबी. मामांनी तो डोक्यावरून उतरवून खुर्चीवर ठेवला.

"आमी काय रस्त्यानं जाता जाता जेवाया आलो?"

"घ्या की मग आमचाबी," अप्पा फेट्याला हात घालत म्हणाले. "दोन दोन घालून मिरवा!"

झालं. मामांनी उमरीची माणसं पंगतीवरून उठवली, अप्पांनी जळकोटची माणसं दारात उभी केली, आणि साडू, व्याही, लांबचे जावई, ज्यांनी त्या फेट्याचा रंगही पाहिला नव्हता, तेही बाह्या सारून कुठल्या तरी बाजूला जाऊन मिळाले. टीव्हीवर इतके दिवस जे पाहत होतो, ते पंख्याखाली, बुंदीच्या वासात, बघता बघता घडत होतं. लग्न लावणारे गुरुजी मनगटावरच्या घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे पाहू लागले.

तेवढ्यात मुंडावळ्या बांधलेली नवरी, शिवकांता, माझ्यापाशी आली. "काका, ह्यांचं सरंस्तोवर तिकडली लढाई सुरू हून संपल. कायतरी करा की!"

मग माझ्यातला नाटकवाला काय गप्प बसतो! बँडवाल्यांना डोळ्यानं खूण केली आणि गरजलो, "आता आजच्या दिवसातला सगळ्यात थोर मान! एकाच वेळी दोघांना! अंतरपाटाचं एक टोक उमरीच्या हाती, दुसरं जळकोटच्या!" ताशा कडाडला, बायकांच्या बाजूनं टाळ्या उठल्या. भरल्या मंडपात मान नाकारायचा कसा? दोघं तणतणत बोहल्यावर चढले.

मंगलाष्टका सुरू झाल्या आणि पांढऱ्या कापडाआड दोघांची कुजबुज.

"तुमीच खाली धरलाव," अप्पा पुटपुटले.

"तुमी वडून राहिले, त्याला मी काय करू?"

शेवटची मंगलाष्टका संपली. आता कापड सोडायचं. पण आधी कुणी? गुरुजींनी, बिचाऱ्यांनी, तीच मंगलाष्टका पुन्हा म्हटली. कापड ताठच. तेवढ्यात अप्पांना दिसलं की मामा अंतरपाटाकडे बघतच नाहीत. बहिणीच्या मुलाकडे बघतायत, डोळे भरून. अप्पांचा आवाज एकदम खाली आला.

"सोडू या का, मामा? संगटच."

"हाव. सोडा."

कापड खाली आलं आणि अक्षतांचा असा काही वर्षाव झाला की गुरुजींचा चष्मासुद्धा पिवळा झाला! ताशेवाल्यांनी कार्यालय डोक्यावर घेतलं. घाईनं बुंदीचा एक घास भरवून नवरा-नवरीला जीपमध्ये बसवलं, आणि मागच्या अरुंद बाकावर मामा नि अप्पा गुडघ्याला गुडघा लावून बसले, नांदेडपर्यंत पोचवायला. जीप वळणावर गेली तेव्हा शिवकांतानं खिडकीतून हिरव्या चुड्याचा हात उंच केला होता, गड सर करून निघाल्यासारखा.

संध्याकाळी बातमी आली, सीमेवर तोफा सुरू झाल्या. बायका मंडपातल्या अक्षता झाडत होत्या आणि मी, दिवसभर गरजून घसा बसलेला, एकटाच खुर्चीवर बसून होतो. माझी गर्जना बोहल्यापर्यंतच पुरली; पुढचं लग्न अप्पांनी लावलं, शेजारच्यालाही जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात. एवढ्या देशांच्या त्या गदारोळात तितक्या हळू विचारणारं कुणी असेल का, असलं तर कुठल्या बाजूला उभं असेल, याचाच विचार करत राहिलो; आणि बाहेर उन्हं उतरून लिंबाखाली हवा हळूहळू गार होत गेली.