दिवा विझल्यावरचा चेहरा

मोठेबाबा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी नागपूरच्या वसतिगृहात ओले केस पुसत उभी होते. बाबा एवढंच म्हणाले, "दादा गेला, बेटा. तू ये." दीड महिना होऊन गेला... पण सिनेमा पाहताना मनातल्या मनात मी अजून त्यांच्याशीच वाद घालते.

माझ्या वडिलांचे हे थोरले भाऊ. चिखल्याच्या मँगनीज खाणीत, जमिनीखाली त्यांनी सगळी नोकरी केली. निवृत्तीनंतर कॉलनीतल्या घरात ते जुने सिनेमे पाहत. मी लाखनीला अकरावीत असताना आमच्या मराठीच्या बाईंनी एका कृष्णधवल सिनेमावर समीक्षा लिहायला सांगितली. सुटीत समीक्षेची वही घेऊन मी त्यांच्याकडे गेले. चारही पानं त्यांनी सावकाश वाचली. "हे तं गोष्ट झाली, प्रज्ञा. तुले काय दिसलं?" मग आवाज बंद करून त्यांनी तोच सिनेमा लावला. संवाद गेले आणि मला पहिल्यांदाच माणसांचे हात दिसले, दारं दिसली, सावल्या दिसल्या... एका प्रसंगात आई कंदील विझवते, तरी झोपलेल्या मुलाचा चेहरा उजळलेलाच राहतो. मी ओरडलेच, "चूक सापडली! दिवाच नाही, तर उजेड कुठून आला?"

त्यांनी सिनेमा तिथेच थांबवला. "खाली एकदा माह्या टोपीवरचा दिवा गेला. संगं होता त्याचाही गेला. सोताचा हात दिसत नव्हता, पण त्याचं तोंड मले दिसत होतं. काहून दिसलं, आजवर समजलं नाही."

स्वयंपाकघराच्या दारात मोठी आई, म्हणजे माझी काकू, येऊन थांबली होती. "हे तं मलेही नाही सांगितलं तुम्ही कधी."

ते नुसते हसले. मी विचारलं, "मग ती चूक नाही?"

"मी कायले सांगू? तू लिहून राहिली ना..."

मी दोन्ही लिहिलं, ती चूकही आणि त्यांचा अनुभवही. बाईंचा शेरा आला, 'तुझं मत कोणतं?' तो पाहून मोठेबाबा खूश झाले. "मताची घाई काय आहे? आनखी एकदा पाहू." किती वेळा पाहिला असेल! एकमत झालं नाही.

मोठेबाबांसाठी झालेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मोठी आई टीव्हीसमोर त्यांच्या जागेवर येऊन बसली. आजवर ती कधीच बसली नव्हती. "लाव त्यांचा एखादा." मी दुसराच एक लावला. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील.

"थांबव. ही बाई खिडकीतून कोनाले पाहून राहिली? दाखवलंच नाही."

मला माहीत नव्हतं. मी सिनेमा मागे नेला, आणि मोठी आई चष्मा पुसून जरा पुढे सरकून बसली.