तिखटाचा घाम

कळमन्याच्या बाजारात वाळल्या मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायका दिवसभर खोकतात आणि त्यांचा खोकला कुणी मनावर घेत नाही. त्या स्वतःही घेत नाहीत. तुळसाबाई तर पंचवीस वर्षं त्या लाल ढिगाशेजारी बसलेली. त्यामुळे दिवाळीनंतर तिला चार पावलांत दम लागू लागला, छाती आवळू लागली, तेव्हा तिनं सगळं खापर मिरचीवर फोडलं. दुखणं अंगावर काढायला निमित्त लागतं. हिच्याजवळ तर पोत्यांनी होतं.

दवाखाना टाळण्याचं खरं कारण वेगळंच होतं. तिचा नवरा रुपराव स्वतःच्या पायानं दवाखान्यात गेला होता. परत आणलं ते चौघांनी. तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढलं की तिला कापरं भरायचं. हे तिनं सौरवला कधीच सांगितलं नव्हतं.

सौरव तिचा एकुलता एक, तिशीला टेकलेला, ई-रिक्षा चालवायचा. एकमेकांशी सरळ बोलायचं नाही, असा मायलेकांनी जणू नवसच केला होता. तो तिला ‘बुढे’ म्हणायचा. ती त्याला ‘नवरदेव’ म्हणायची, कारण चार ठिकाणी पोरगी पाहायला जाऊन तो नुसतेच पोहे खाऊन आला होता. रविवारी त्यांचा एक खेळ चाले. भाकरीसोबत भिवापुरी मिरचीचा लाल ठेचा खायचा आणि जो आधी पाण्याला हात लावेल त्यानं भांडी घासायची. दहा वर्षांचा होता तेव्हापासून भांडी सौरवच घासत आला होता.

पौषातल्या त्या रविवारी सकाळपासून तिचा डावा खांदा ठसठसत होता. भाकरी थापताना एकदम गरगरलं आणि अंगाला दरदरून घाम सुटला. बाहेर शेजारीपाजारी स्वेटर घालून उन्हाला बसले होते. तेवढ्यात सौरव आंघोळ करून आला. आता हा पाहील, विचारील, ओढत दवाखान्यात नेईल. तुळसाबाई घाबरली. तिनं घाईघाईनं दोन ताटं वाढली आणि ठेच्याचा मोठा घास तोंडात कोंबला.

“आज दुप्पट ठेचा, नवरदेव. हाये का दम?”

“बुढे, आज तूच भांडे घासशीन, पाहजो.”

दोन घासांत सौरवचं नाक वाहू लागलं. ती हसली, पदरानं कपाळ पुसत म्हणाली, “लय तिखट झाला बाप्पा. मले बी घाम फुटला.”

सौरवचा घास हातातच राहिला.

“वीस वर्षांत तुले कधी तिखटानं घाम आला वं?”

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. दुसऱ्या कुणापुढेही ही थाप पचली असती. पण दर रविवारी तिच्याकडून हरणाऱ्या पोरापुढेच तिनं ती मारली होती. त्यानं तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं.

“कुठं दुखून राहिलं, माय?”

त्यानं किती वर्षांनी ‘माय’ म्हटलं! तिचा हात आपसूक खांद्यावर गेला.

त्यानं तिला उचलून रिक्षात मागे बसवलं, पडू नये म्हणून चादरीनं दांडीला बांधलं. “मले मांगं पाहता येत नाई,” तो म्हणाला. “तू बोलत राह्य. शिव्या दे मले. थांबू नको.”

ती देत राहिली. भामट्या, आळशा, खादाडा. ई-रिक्षा ती, तिची धाव किती असणार? सायकलवाले पुढे निघून जात होते. प्रत्येक गतिरोधकावर तिच्या छातीत कळ उठत होती. हळूहळू शिव्या तुटक झाल्या, मग थांबल्या.

“माय?” पुढून आवाज आला. “माय! बोल न वं!”

हा आवाज तीस वर्षांच्या माणसाचा नव्हता. तुळसाबाईनं एखादी खमंग शिवी शोधून पाहिली, पण जिभेवर खरं तेच आलं.

“सौरव, मले दवाखान्याचं भेव वाटते. तुये बाबा गेले तवापासून.”

तो आता थट्टा करील म्हणून ती वाट पाहत राहिली. त्यानं केली नाही.

“मले बी वाटते, माय,” तो म्हणाला. पाठमोऱ्या पोराचे खांदे हलत होते, आणि तिला स्वतःच्या दुखण्यापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दवाखान्यात तिला स्ट्रेचरवर निजवलं. आतल्या दारापाशी एका माणसानं सौरवला आडवा हात घातला. “नातेवाईकांनी बाहेर थांबायचं.”

तुळसाबाईनं सौरवचं मनगट घट्ट धरलं होतं. तिला श्वास पुरत नव्हता, तरी ती बोलली.

“येऊ द्या न दादा त्याले. एकट्याले भेव लागते माया पोराले.”

दारातल्या माणसानं त्या दाढीमिशीवाल्या गड्याकडे पाहिलं. गडी खरोखरच हमसून रडत होता. दारातल्या माणसानं आडवा हात बाजूला घेतला.