खुर्चीची तिसरी खाच

मिस्त्रींनी एकतीस वर्षं छोटी विमानं दुरुस्त केली, पण स्वतः हवेत एकदाही गेले नाहीत. "चाकं जमिनीवर आहेत तोवर विमान माझं," असं म्हणायचे. त्याआधी ते सायकली दुरुस्त करत. घरातलं घड्याळ, पंखा, शेजाऱ्यांचं कुलूप, सगळं त्यांनी एकदा तरी उघडून पाहिलं होतं.

"आता माझं डोकं तेवढं उघडायचं राहिलंय," बायको म्हणायची.

"त्यातला बिघाड मला माहीत आहे," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

त्या दिवशी दातांच्या डॉक्टरबाई आपल्या दोन आसनांच्या विमानातून एक फेरी मारून उतरल्या. चाकं टेकली आणि विमान उजवीकडे ओढलं गेलं, धावपट्टी सोडून गवतात शिरलं, अर्धी गिरकी घेऊन थांबलं. बाईंना खरचटलंसुद्धा नाही. पंखाचं टोक मात्र चेपलं.

"उजवा ब्रेक आपोआप लागला," बाई म्हणाल्या.

तो ब्रेक आदल्याच दिवशी मिस्त्रींनी बसवला होता. धावपट्टीचे मॅनेजर त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "मिस्त्री, ब्रेक अडकला असेल तर तुमची सही बंद. माझा नाइलाज आहे." दुरुस्तीनंतर मिस्त्रींची सही झाल्याशिवाय विमान उडत नसे; सही बंद म्हणजे काम बंद.

मिस्त्रींचे पाय धावपट्टीकडेच वळले. उकिडवे बसून ते टायरचे माग बघू लागले. डाव्या चाकाचा पुसट. उजव्याचा काळाकुट्ट, पण सलग नाही. तीन तुकडे, मध्ये कोरी जागा. अडकलेला ब्रेक असा सुटून सुटून धरत नाही. मग त्यांनी गवतातल्या विमानाचं उजवं चाक जॅकवर उचलून हाताने फिरवलं. भिंगरीसारखं फिरलं.

"म्हणजे बाईंच्याच पायाने दाबला. सुटलात की हो तुम्ही!" मॅनेजर म्हणाले.

"पण पाय का चुकला?"

विमान वळवायला पेडल खालून ढकलायचं असतं, आणि त्याच पेडलचा वरचा भाग चवड्याने दाबला की ब्रेक लागतो. उजवं पेडल ढकलताना आठ वर्षं उडवणाऱ्या बाईंचा चवडा वर गेलाच कसा, हे मिस्त्रींना काही केल्या उलगडेना.

"डॉक्टरबाई, जरा आत बसता?"

बाई चांगल्या उंच. बसल्या तशा गुडघे वर आले आणि चवडे थेट पेडलच्या टोकावर.

"मघाशीही असंच?"

"अवघडलं होतं खरं. मला वाटलं, वजन वाढलं."

मिस्त्रींनी खुर्चीखाली हात घालून चाचपलं. खुर्ची पुढेमागे सरकवायच्या पट्टीवर ती तिसऱ्या खाचेत होती. बाईंची पाचवी. तिसरी मिस्त्रींची. ब्रेक तपासायला त्यांनीच काल विमान मैदानात फिरवलं होतं, आणि पाय पुरावेत म्हणून खुर्ची पुढे ओढली होती. काम झालं की ते ती न चुकता मागे सारत. काल नेमकं राहून गेलं.

खाली वाकल्याशिवाय ते कुणाला दिसणार नव्हतं. एक खटका दाबला असता तर खुर्ची मागे गेली असती. त्यांचा हात थोडा वेळ तिथंच राहिला. मग त्यांनी तो बाहेर काढला.

"बाई, खुर्ची मी पुढे ठेवली. चूक माझी."

"अहो, सुटला होतात ना!" मॅनेजरांनी कपाळाला हात लावला.

"आणि मी न बघता बसले," बाई म्हणाल्या. "दवाखान्यात पेशंटची खुर्ची दिवसातून वीसदा वरखाली करते, आणि स्वतःची बघितली नाही!"

नोंदवहीत मिस्त्रींनी आपली चूक लिहिली, खाली बाईंनी स्वतःची. मॅनेजरांनी दोन्ही दोनदा वाचलं.

"सही चालू राहील," ते शेवटी म्हणाले. "पण महिनाभर तुमच्या सहीखाली दुसऱ्याची लागेल. पलीकडच्या धावपट्टीवरचे मिस्त्री येतील तुमचं काम तपासायला."

"येऊ देत," मिस्त्री म्हणाले. "ते खुर्चीची खाच कशी लक्षात ठेवतात, विचारीन म्हणतो."